घटक ६ : प्रसिद्धी-वस्तूंवरील शासकीय खर्च : भाषा आणि उत्तरदायित्व

घटक रचना

६.० उद्दिष्टे
६.१ प्रास्ताविक
६.२ विषय-विवेचन
  ६.२.१ प्रसिद्धी-वस्तू : संकल्पना
  ६.२.२ वस्तूवरील मजकूर : ठळक दाता
  ६.२.३ मंजुरीचा आदेश : लुप्त कर्ता
  ६.२.४ नियम आणि न्यायनिर्णय
  ६.२.५ वगळण्याची कसोटी
  ६.२.६ माहितीच्या अर्जाचे लेखन
६.३ सारांश
६.४ पारिभाषिक शब्द
६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे
६.६ स्वाध्याय
६.७ क्षेत्रीय कार्य

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला,
• प्रसिद्धी-वस्तू ही संकल्पना स्पष्ट करता येईल.
• वस्तूवरील मजकूर आणि त्या वस्तूच्या खर्चाचा आदेश यांच्या भाषेतील फरक उदाहरणांसह सांगता येईल.
• अशा खर्चाला लागू होणारी प्रमुख तत्त्वे सांगता येतील.
• संदिग्ध प्रशासकीय मजकुराचे स्पष्ट मराठीत पुनर्लेखन करता येईल.
• खर्चाविषयी माहिती मागणारा नेमका अर्ज लिहिता येईल.

६.१ प्रास्ताविक

शासकीय पत्रव्यवहार, परिपत्रक आणि टिप्पणी या लेखनप्रकारांत प्रशासकीय मराठीची वैशिष्ट्ये ठळकपणे दिसतात. प्रस्तुत घटकात या भाषेच्या एका वेगळ्या आणि सहसा दुर्लक्षित राहणाऱ्या क्षेत्राकडे आपण वळणार आहोत. शासकीय विभाग आपल्या योजनांच्या प्रचारासाठी पिशव्या, दिनदर्शिका, दैनंदिनी, टोप्या, छत्र्या, पेन, पाण्याच्या बाटल्या, स्मृतिचिन्हे अशा अनेक वस्तू तयार करून घेतात. या वस्तूंवर मजकूर छापलेला असतो, म्हणजे त्या वस्तूही एक प्रकारचे शासकीय लेखन वाहून नेत असतात. दुसरीकडे, त्यांची खरेदी एखाद्या आदेशाने मंजूर झालेली असते. म्हणजे एका पिशवीमागे दोन मजकूर उभे असतात : एक पिशवीवरचा, दुसरा धारिकेतला.

हे दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले तर एक विसंगती लक्षात येते. पिशवीवर देणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत असते. धारिकेत खर्च करणाऱ्याचे नाव वाक्यातून नाहीसे झालेले असते. ही विसंगती केवळ शैलीची नाही. सार्वजनिक पैशातून मिळालेली वस्तू नागरिकाने हक्क म्हणून घ्यायची की उपकार म्हणून, आणि खर्चाचा जाब कोणाला विचारायचा, हे प्रश्न तिच्याशी निगडित आहेत. म्हणून भाषेच्या विद्यार्थ्याने हा विषय केवळ लेखापरीक्षकावर सोडून देणे योग्य नाही.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ प्रसिद्धी-वस्तू : संकल्पना

एखादी योजना, मोहीम, विभाग किंवा व्यक्ती लोकांच्या लक्षात राहावी या हेतूने मजकूर वा चिन्ह छापून वाटली जाणारी वस्तू म्हणजे प्रसिद्धी-वस्तू होय. व्यापारी जगतात हा प्रकार जुना आहे. दुकानाचे नाव छापलेली दिनदर्शिका किंवा किल्ल्यांची साखळी आपण सर्वांनी पाहिली आहे. मात्र व्यापारी स्वतःच्या नफ्यातून जाहिरातीचा खर्च करतो. शासकीय विभाग करदात्यांच्या पैशातून करतो. या एका फरकामुळे दोहोंना लागू होणाऱ्या कसोट्या बदलतात.

प्रशासकीय व्यवहारात या वस्तूंना एकच निश्चित नाव नाही. ‘प्रचार-प्रसिद्धी साहित्य’, ‘माहिती-शिक्षण-संवाद साहित्य’, ‘भेटवस्तू’, ‘किट’, ‘अनुषंगिक साहित्य’ असे अनेक शब्द वापरले जातात. नावे अनेक असल्यामुळे खर्चही एका ठिकाणी दिसत नाही. अर्थसंकल्पात ‘माहिती व प्रसिद्धी’ हे स्वतंत्र मुख्य लेखाशीर्ष आहे आणि त्याचा क्रमांक २२२० आहे. परंतु कोणत्याही विभागाची पिशवी त्याच शीर्षाखाली येईल असे नाही. ती त्या विभागाच्या स्वतःच्या तरतुदीतून ‘जाहिरात व प्रसिद्धी’, ‘कार्यालयीन खर्च’, ‘सामग्री व पुरवठा’ किंवा ‘इतर खर्च’ यांपैकी कोणत्याही उद्दिष्टाखाली नोंदली जाऊ शकते. वस्तूला काय म्हटले, यावर ती कोठे नोंदली जाणार हे ठरते. येथे शब्दाची निवड हाच एक आर्थिक निर्णय असतो.

६.२.२ वस्तूवरील मजकूर : ठळक दाता

अभ्यासासाठी तयार केलेला पुढील काल्पनिक नमुना वाचा.

नमुना १ : “मा. … यांच्या संकल्पनेतून व प्रेरणेने गरजू कुटुंबांना मायेची भेट.”

या मजकुरात चार घटक आहेत. ‘मा.’ हे आदरसूचक पद व नाव. ‘संकल्पनेतून’, ‘प्रेरणेने’ ही कारण दाखवणारी पदे. ‘गरजू कुटुंबांना’ हे घेणाऱ्याचे वर्णन. आणि ‘मायेची भेट’ हे वस्तूचे नाव. क्रियापद नाही. ‘भेट’ हे नाम क्रियापदाचे काम उरकून टाकते. त्यामुळे ‘दिली’ असे म्हणावे लागत नाही आणि ‘कोणाच्या पैशातून दिली’ हा प्रश्न वाक्यात उभाच राहत नाही.

‘भेट’ या शब्दात देणाऱ्याचे औदार्य आणि घेणाऱ्याची कृतज्ञता दोन्ही गृहीत असतात. भेट ही मागता येत नाही, नाकारली तर नात्याचा प्रश्न येतो, आणि तिच्या किमतीची चौकशी करणे असभ्य मानले जाते. सार्वजनिक खर्चाच्या बाबतीत मात्र किमतीची चौकशी करणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरते. म्हणजे हा एक शब्द वापरल्याने चौकशीचा मार्ग शिष्टाचाराने बंद होतो.

धान्याचे उदाहरण घेतल्यास हे अधिक स्पष्ट होईल. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार प्राधान्य गटातील कुटुंबाला दरमहा प्रतिव्यक्ती ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो धान्य मिळण्याचा हक्क आहे. हा हक्क कायद्याने दिलेला आहे. ते धान्य ज्या पिशवीतून येते तिच्यावर ‘भेट’ असा शब्द छापला, तर कायद्यातील हक्कधारक पिशवीवर याचक होतो. ‘लाभार्थी’ हा रूढ शब्दही या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. ‘लाभाची इच्छा धरणारा’ हा त्याचा व्युत्पत्तीने येणारा अर्थ आहे. ‘हक्कदार’ किंवा ‘पात्र व्यक्ती’ या शब्दांतील अधिकाराची छटा त्यात नाही.

महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२२ मध्ये दिवाळीसाठी ‘आनंदाचा शिधा’ हा संच सुरू झाला. रवा, चणाडाळ व साखर प्रत्येकी १ किलो आणि पामतेल १ लिटर असा तो संच १०० रुपयांना होता. ‘शिधा’ या शब्दाला मराठीत दोन वंशपरंपरा आहेत. एक दानाची : स्वयंपाकासाठी दिलेले कोरडे धान्य. दुसरी नागरी व्यवहाराची : ‘शिधापत्रिका’, ‘शिधावाटप’. नावातला ‘आनंद’ शब्दाला पहिल्या परंपरेकडे ओढतो. संचासाठी मोजलेले १०० रुपये मात्र तो सवलतीच्या दराने केलेला पुरवठा असल्याचे सांगतात. शासकीय नामकरणात अशा दुहेरी छटा कशा काम करतात हे पाहण्यासाठी हे उदाहरण उपयुक्त आहे.

देणाऱ्याचे नाव कोरण्याची प्रथा आपल्याकडे प्राचीन आहे, असा युक्तिवाद येथे होऊ शकतो. कार्ले येथील चैत्यगृहाच्या लेखात वैजयंतीच्या भूतपाल या श्रेष्ठीचे नाव आहे. तेथील स्तंभांवर धेनुकाकट या गावच्या अनेक दात्यांची नावे आहेत. परंतु हे दानलेख नीट वाचले तर त्यांत कोणी, कोठून येऊन, काय दिले याची नोंद आढळते. दिलेले धन दात्याचे होते, म्हणून नाव दात्याचे होते. सार्वजनिक निधीतून घेतलेल्या पिशवीला हे समर्थन लागू पडत नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) ‘भेट’ या शब्दामुळे खर्चाची चौकशी का अवघड होते?
(आ) प्रसिद्धी-वस्तूंचा खर्च एका लेखाशीर्षाखाली न दिसण्याचे भाषिक कारण कोणते?

६.२.३ मंजुरीचा आदेश : लुप्त कर्ता

आता त्याच पिशवीच्या खरेदीचा आदेश पाहू. हाही काल्पनिक नमुनाच आहे, पण त्याची शब्दयोजना परिचित वाटेल.

नमुना २ : “उपरोक्त योजनेच्या प्रचार व प्रसिद्धीच्या अनुषंगाने आवश्यक साहित्याची खरेदी करण्यास याद्वारे प्रशासकीय मान्यता प्रदान करण्यात येत आहे. त्याकरिता होणारा खर्च मंजूर तरतुदीतून भागविण्यात यावा.”

‘करण्यात येत आहे’ ही रचना प्रशासकीय मराठीची खूण आहे. ‘करणे’ या क्रियावाचक नामाचे सप्तम्यंत रूप आणि ‘येणे’ हे क्रियापद यांच्या जुळणीतून ती तयार होते. तिच्यात कर्ता सांगण्याची सोय आहे. ‘अमुक अधिकाऱ्याकडून’ असे पद आपण घालू शकतो. पण ते घालण्याची सक्ती नाही. ‘मी मान्यता देतो’ या कर्तरी वाक्यात क्रियापदाचे रूपच कर्ता उघड करते. ‘मान्यता देण्यात येत आहे’ या वाक्यात मान्यता जणू आपोआप घडते.

ही रचना सदोष आहे, असा निष्कर्ष मात्र काढू नये. शासकीय आदेश व्यक्तीचा नसून पदाचा असतो. अधिकारी बदलला तरी आदेश टिकतो. म्हणून अवैयक्तिक रचनेला प्रशासनात रास्त स्थान आहे. आक्षेप आहे तो तिच्या आडून इतर माहितीही वगळली जाण्याला. नमुना २ ला पुढील प्रश्न विचारून पाहा : कोणते साहित्य? किती नग? प्रत्येकी काय दराने? कोणाला वाटायचे? वाटपानंतर काय साध्य व्हायचे? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. ‘आवश्यक’ हे विशेषण आवश्यकता सिद्ध न करता गृहीत धरते. ‘अनुषंगाने’ हा शब्द वस्तू आणि योजना यांचा संबंध आहे एवढेच सांगतो. तो कोणता, हे सांगत नाही.

आता पुनर्लेखन पाहा. यातील आकडे केवळ रचना समजावी म्हणून घातले आहेत.

नमुना ३ : “तालुक्यातील १२ प्राथमिक शाळांतील १,५०० विद्यार्थ्यांना बालसाहाय्य दूरध्वनी क्रमांक १०९८ माहीत व्हावा, यासाठी तो क्रमांक छापलेल्या १,५०० वह्या प्रत्येकी कमाल २० रुपये दराने, एकूण ३०,००० रुपयांच्या मर्यादेत खरेदी करण्यास शिक्षणाधिकारी मान्यता देत आहेत. वाटपाची शाळानिहाय पोच केंद्रप्रमुखांनी एका महिन्यात सादर करावी.”

नमुना ३ मधील शब्द अवघड नाहीत, वाक्येही दोनच आहेत. तरीही त्यात हेतू, संख्या, दर, मर्यादा, मान्यता देणारे पद आणि पुढची जबाबदारी एवढे सारे आले आहे. स्पष्ट मराठी म्हणजे केवळ सोपे शब्द नव्हेत. विचारता येण्याजोग्या प्रश्नांची उत्तरे वाक्यातच असणे, ही तिची खरी ओळख आहे.

६.२.४ नियम आणि न्यायनिर्णय

अशा खर्चाला काही मान्य तत्त्वे लागू होतात. केंद्र शासनाच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील नियम २१ वित्तीय औचित्याचे निकष सांगतो. सामान्य विवेकी माणूस स्वतःच्या पैशाबाबत जेवढी दक्षता बाळगतो तेवढी दक्षता अधिकाऱ्याने सार्वजनिक पैशाबाबत बाळगावी. प्रसंगाच्या गरजेपेक्षा सकृद्दर्शनी अधिक खर्च करू नये. आणि स्वतःच्या प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष फायद्याचा खर्च कोणत्याही प्राधिकाऱ्याने मंजूर करू नये, असा त्यांचा आशय आहे. शेवटचा निकष आपल्या विषयासाठी विशेष महत्त्वाचा आहे. मंजुरी देणाऱ्याचेच नाव वस्तूवर झळकणार असेल, तर तो अप्रत्यक्ष फायदा ठरतो का, हा प्रश्न या निकषातूनच उभा राहतो. वरिष्ठांची मंजुरी टाळण्यासाठी मागणीचे तुकडे पाडू नयेत, असेही हे नियम सांगतात.

जाहिरातींबाबत ‘कॉमन कॉज विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ रोजी महत्त्वाचा निर्णय दिला. त्यापूर्वी न्यायालयाने २०१४ मध्ये प्रा. एन. आर. माधव मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. शासकीय जाहिरात शासनाच्या जबाबदाऱ्यांशी संबंधित असावी, वस्तुनिष्ठ असावी, पक्षाच्या राजकीय हिताला पोषक नसावी, खर्चाच्या दृष्टीने समर्थनीय व काटकसरीची असावी, अशी तत्त्वे त्यातून पुढे आली. जाहिरातीत केवळ राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांची छायाचित्रे वापरता येतील, असे न्यायालयाने म्हटले. १८ मार्च २०१६ रोजी फेरविचारात ही मर्यादा शिथिल होऊन राज्यपाल, मुख्यमंत्री आणि मंत्री यांच्या छायाचित्रांनाही मुभा मिळाली.

या वादाची दुसरी बाजूही समजून घेतली पाहिजे. निर्णय कोणाच्या काळात झाला हे लोकांना कळणे लोकशाहीत गैर नाही. नाव नसेल तर जबाबदार कोणाला धरायचे, असे म्हणता येते. या युक्तिवादात तथ्य आहे. परंतु जबाबदारीसाठी नाव हवे असेल, तर ते आधी मंजुरीच्या आदेशात आणि खर्चाच्या तपशिलात हवे. जेथे श्रेय आहे तेथे नाव आणि जेथे हिशेब आहे तेथे ‘करण्यात आले’, अशी विभागणी झाली की हा युक्तिवाद टिकत नाही.

छापील वस्तूंवरील खर्च कमी करण्याचे प्रयत्न शासनानेही केले आहेत. केंद्रीय वित्त मंत्रालयाच्या व्यय विभागाने सप्टेंबर २०२० मध्ये आदेश काढून मंत्रालये, विभाग, सार्वजनिक उपक्रम आणि सार्वजनिक बँका यांना पुढील वर्षासाठी भिंतीवरच्या व टेबलावरच्या दिनदर्शिका, दैनंदिनी, सणांची शुभेच्छापत्रे आणि तत्सम साहित्य कागदावर छापण्यास मनाई केली आणि ते डिजिटल स्वरूपात करावे असे सुचवले.

तमिळनाडूतील २०२१ चे उदाहरणही बोलके आहे. सत्तांतर झाले तेव्हा आधीच्या दोन मुख्यमंत्र्यांची, जयललिता व पलानीस्वामी यांची चित्रे छापलेली सुमारे ६५ लाख शालेय दप्तरे तयार होती. नवे मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी ती तशीच वाटण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे सुमारे १३ कोटी रुपये वाचतील असे सांगण्यात आले. या निर्णयाचे कौतुक झाले ते योग्यच. पण यातून आणखी एक गोष्ट दिसते. व्यक्तीचे चित्र छापताच उपयुक्त वस्तूलाही कालमर्यादा चिकटते. दप्तर फाटण्याआधीच ते जुने ठरण्याची शक्यता निर्माण होते. दप्तरावर केवळ शाळेचे किंवा राज्याचे चिन्ह असते, तर ती फेकावीत की वाटावीत हा प्रश्नच आला नसता.

६.२.५ वगळण्याची कसोटी

वाक्यातील एखादे पद आवश्यक आहे की नाही हे ठरवण्यासाठी भाषाविज्ञानात ते वगळून पाहतात. पद वगळल्यावर वाक्य कोसळले तर ते अनिवार्य. टिकले तर ऐच्छिक. हीच रीत प्रसिद्धी-वस्तूंना लावता येते.

(१) मजकूर वगळा. आशा स्वयंसेविकेच्या पिशवीवरचा सारा मजकूर पुसला, तरी औषधे आणि नोंदवही नेण्यासाठी ती लागणारच. अशी वस्तू मूलतः साधनसामग्री आहे. तिची किंमत व दर्जा साधनाच्या निकषांवर तपासावा.

(२) नाव व छायाचित्र वगळा. वहीवरून व्यक्तीचे नाव काढले आणि १०९८ हा क्रमांक उरला, तर संदेश पूर्ण आहे. नाव काढल्यावर काहीच उरले नाही, तर त्या वस्तूचा संदेश नाव हाच होता.

(३) वस्तूच वगळा. तोच संदेश फलकावरून, ग्रामसभेतून किंवा शाळेच्या परिपाठातून कमी खर्चात पोहोचला असता का? उत्तर ‘होय’ असेल, तर खरेदीचे समर्थन करण्याची जबाबदारी विभागावर येते.

तीनही कसोट्या एकत्र लावाव्यात. एकाच कसोटीवरून निवाडा केला, तर गरजेच्या वस्तूलाही उधळपट्टी म्हणण्याची चूक होऊ शकते. ग्रामीण भागात मातांच्या हाती असलेले माता व बाल संरक्षण कार्ड हे छापील साहित्यच आहे. पण लसीकरणाची नोंद त्याच्यावर होते. ते वगळले तर पुढचा डोस कधी, हे आईला कळण्याचे हाताशी असलेले साधन जाते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(अ) ‘करण्यात येत आहे’ या रचनेला प्रशासनात रास्त स्थान का आहे?
(आ) वगळण्याच्या दुसऱ्या कसोटीतून काय कळते?

६.२.६ माहितीच्या अर्जाचे लेखन

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार नागरिकाला खर्चाची कागदपत्रे मागता येतात. या कायद्याची ‘माहिती’ची व्याख्या व्यापक आहे, तिच्यात दस्तऐवजांबरोबर नमुनेही येतात. साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचा अधिकारही कायदा देतो. म्हणजे पिशवीची किंमत विचारता येते, तसाच पिशवीचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. माहिती कशासाठी हवी याचे कारण देणे बंधनकारक नाही. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क १० रुपये आहे. राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि सामान्यतः १५० शब्दांच्या आत असावा.

ही शब्दमर्यादा लेखनाची शिस्त म्हणून स्वीकारावी. ‘पिशव्यांवर एवढी उधळपट्टी का केली?’ हा प्रश्न अर्जात लिहू नये. तो आरोप आहे. त्याचे उत्तर देणारा दस्तऐवज कार्यालयात नसतो. त्याऐवजी असलेल्या दस्तऐवजाचे नाव लिहावे. उदाहरणार्थ :

“आपल्या कार्यालयाने … या आर्थिक वर्षात … योजनेच्या प्रसिद्धीसाठी खरेदी केलेल्या कापडी पिशव्यांबाबत पुढील कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात : (१) प्रशासकीय मान्यतेचा आदेश, (२) निविदा अथवा दरपत्रके व तुलनात्मक तक्ता, (३) पुरवठा आदेश, (४) देयके व ज्या लेखाशीर्षाखाली खर्च नोंदवला त्याची नोंद, (५) साठा नोंदवहीतील संबंधित पाने, (६) वाटपाच्या पोच-याद्या.”

या अर्जात आरोप करणारे एकही विशेषण नाही. नमुना २ मध्ये गाळलेली माहिती त्यातील सहा बाबींतून एकेक करून परत येते. लुप्त कर्त्याचा शोध व्याकरणाने सुरू होतो आणि अशा कागदांवरील स्वाक्षऱ्यांपाशी पूर्ण होतो.

६.३ सारांश

शासकीय प्रसिद्धी-वस्तूंमागे वस्तूवरील मजकूर आणि मंजुरीचा आदेश असे दोन मजकूर असतात. पहिल्यात दाता ठळक असतो, दुसऱ्यात कर्ता लुप्त असतो. ‘भेट’, ‘लाभार्थी’ यांसारखे शब्द हक्काला उपकाराचे रूप देऊ शकतात. ‘आवश्यक’, ‘अनुषंगाने’ यांसारखे शब्द तपशील झाकू शकतात. वित्तीय औचित्याचे निकष आणि २०१५ चा न्यायनिर्णय यांतून अशा खर्चाची तत्त्वे मिळतात. वगळण्याच्या तीन कसोट्यांनी उपयुक्त वस्तू आणि केवळ नावाची प्रसिद्धी यांत फरक करता येतो. दस्तऐवजांची नेमकी नावे घेऊन लिहिलेला अर्ज हे नागरिकाच्या हातातील प्रभावी लेखन आहे.

६.४ पारिभाषिक शब्द

प्रशासकीय मान्यता : काम वा खरेदी हाती घेण्यास सक्षम प्राधिकाऱ्याने दिलेली संमती.
लेखाशीर्ष : जमा-खर्चाची नोंद ज्या नावाखाली व क्रमांकाखाली होते ते शीर्ष.
वित्तीय औचित्य : नियमात बसण्यापलीकडे खर्च योग्य, गरजेपुरता व निःस्वार्थ असणे.
तुलनात्मक तक्ता : निरनिराळ्या पुरवठादारांचे दर शेजारी मांडणारा तक्ता.
देयक : पुरवलेल्या वस्तूंच्या रकमेची लेखी मागणी; बिल.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१ (अ) भेटीत देणाऱ्याचे औदार्य गृहीत असते आणि तिची किंमत विचारणे असभ्य मानले जाते.
१ (आ) एकाच प्रकारच्या वस्तूंना निरनिराळी नावे दिल्याने त्यांची नोंद निरनिराळ्या शीर्षांखाली होते.
२ (अ) आदेश व्यक्तीचा नसून पदाचा असतो आणि अधिकारी बदलला तरी तो टिकतो.
२ (आ) नाव वगळल्यावर लोकोपयोगी संदेश उरतो की नाही, हे कळते.

६.६ स्वाध्याय

(१) वस्तूवरील मजकूर आणि मंजुरीचा आदेश यांच्या भाषेची सोदाहरण तुलना करा.
(२) ‘लाभार्थी’, ‘हक्कदार’, ‘पात्र व्यक्ती’ या शब्दांच्या अर्थच्छटा स्पष्ट करा.
(३) पुढील वाक्याचे स्पष्ट मराठीत पुनर्लेखन करा. आवश्यक तपशील कल्पनेने भरा : “कार्यक्रमाच्या अनुषंगाने मान्यवरांना स्मृतिचिन्हे प्रदान करण्याकरिता झालेल्या खर्चास कार्योत्तर मंजुरी देण्यात येत आहे.”
(४) ‘जबाबदारी निश्चित होण्यासाठी वस्तूवर नाव असावे’ या मताचे परीक्षण करा.

६.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या घरात किंवा परिसरात आढळणाऱ्या पाच शासकीय प्रसिद्धी-वस्तू निवडा. त्यांवरील मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्या. प्रत्येक मजकुरात व्यक्तीचे नाव, विभागाचे नाव, योजनेची माहिती आणि संपर्क क्रमांक यांना किती शब्द मिळाले आहेत ते मोजून तक्ता करा. वगळण्याच्या तीनही कसोट्या लावून प्रत्येक वस्तूविषयी दहा ओळींचे टिपण लिहा. त्यांपैकी एका वस्तूच्या खर्चाची माहिती मागणारा १५० शब्दांच्या आतील अर्ज तयार करून अभ्यासकेंद्रावरील चर्चेसाठी घेऊन या.